ही रडत नाही

चित्राखाली जी पाटी असते ना, ती मी लिहिते. एकतीस वर्षं तेच करतेय. चित्रकाराचं नाव, साल, रंग कुठले, कापडावर की लाकडावर, आणि मग नव्वद शब्द. नव्वदच्या वर एक शब्द गेला तर पाटीवरचं अक्षर बारीक होतं आणि म्हातारी माणसं वाचायला वाकतात, की लगेच पहारेकरी ओरडतात, दोरीच्या मागे राहा. म्हणून नव्वद. लोक ते नव्वदही वाचत नाहीत, हे मला माहीत आहे. ते फक्त सालं वाचतात, चित्रकार किती जगला याची मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि पुढच्या चित्राकडे सरकतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वजाबाकी करणारा माणूस निदान गप्प तरी असतो.

पण आमचे संचालक साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांना साक्षात्कार झाला. पाट्या म्हणे एकतर्फी असतात. लोकांना वाचायचं नसतं, बोलायचं असतं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की लोकांना बसायचं असतं, आणि आमच्या बारा दालनांत मिळून चार बाकं आहेत. पण मला कोण विचारतंय.

मग त्यांनी बाहेरून एक सल्लागार आणला. पांढरेशुभ्र बूट, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत डबे बनवायची सवय. आम्ही त्याचं नाव ठेवलं टॅगमास्तर. त्याने आम्हा सगळ्यांना सभागृहात बसवलं आणि लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. प्रत्येक चित्रासमोर एक पडदा लागणार. बघणाऱ्याने चित्र बघायचं, मनात येईल ते पडद्यावर टाइप करायचं. ते शब्द म्हणजे टॅग, चित्राला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. तीन महिने चिठ्ठ्या गोळा करायच्या. मग यंत्र सगळ्यात जास्त आलेले शब्द उचलणार आणि त्यांची गोष्ट रचणार. आवाज, संगीत, चित्रावरून हळूहळू फिरणारा कॅमेरा, सगळं धरून तीन मिनिटांची फिल्म. पाट्या कायमच्या बंद.

"गोष्ट लोकच सांगतील," तो म्हणाला. "यंत्र फक्त जुळवणार."

"आणि लोकांनी काहीच्या बाही लिहिलं तर?" मी विचारलं.

"यंत्र गाळून घेतं, मॅडम. ही, तो, आहे, नाही, आणि, पण, असले बारीक शब्द म्हणजे भुसा. भुसा पाखडला की दाणे उरतात."

साहेबांनी मान डोलावली, जणू जन्मभर धान्यच पाखडत आले होते. मी वहीत लिहून घेतलं, 'बारीक शब्द म्हणजे भुसा', आणि त्याच्या खाली एक गाढव काढलं. गाढव छान जमलं होतं. शेजारच्या बाईंनाही दाखवलं, त्याही हसल्या. तेवढं केलं की माझं कर्तव्य संपलं असं मला वाटलं.

आता सात नंबरबद्दल सांगते. सातव्या दालनाची पहारेकरीण. बावीस वर्षं एकाच दालनात उभी आहे, म्हणून तिला सगळे सात नंबरच म्हणतात. तिलाही त्याचं काही वाटत नाही, फोन उचलला की स्वतःच म्हणते, "सात नंबर बोलतेय." पायाला पट्ट्या बांधून येते. खिशात एक मऊ फडकं असतं, त्याने ती चौकटी पुसते. ते तिचं काम नाही, पण सफाईवाले चौकटींना घाबरतात.

सातव्या दालनात एक चित्र आहे, 'खिडकीतली बाई'. निळसर उजेड, खिडकीला टेकून बसलेली तरुण बाई, डावा हात गालावर, गाल जरा सुजलेला, डोळ्यांत पाणी. त्याच्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'चेहऱ्यावरील मूक वेदना पाहणाऱ्याला अंतर्मुख करते.' तेव्हा मी नवीन होते आणि लोक अंतर्मुख होतात असं मला वाटायचं.

ती बाई सात नंबरची आई.

हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं त्याला बारा वर्षं झाली. तिची आई चित्रशाळेत झाडलोट करायची. एकदा मॉडेल आली नाही, तेव्हा तिथल्या मास्तरांनी हिलाच स्टुलावर बसवलं, तीन दिवस. नेमकी तेव्हाच तिची दाढ ठणकत होती. हात गालावरून खाली घेववत नव्हता. मास्तर म्हणाले, वा, हात तिथेच ठेव. रोज संध्याकाळी नवरा लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्याने कामाला दांडी मारली आणि तिला दाढ काढायला घेऊन गेला. तिथे तीच धीराने बसली, तो मात्र रक्त बघून बाकावर आडवा झाला. इतका तो मवाळ माणूस.

पण चित्र भिंतीवर लागलं आणि तिच्या भावांनी ते पाहिलं. सुजलेला गाल, डोळ्यांत पाणी. आमच्या बहिणीला मारतो, म्हणत तिघे भाऊ घरी येऊन उभे राहिले. तिने सांगितलं, दाढ होती. त्यांना वाटलं, नवऱ्याला पाठीशी घालतेय. झालं, संबंध तुटला तो तुटलाच. नवरा पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगला, आणि त्याच्या सासरचं एकही माणूस त्याच्या दारात आलं नाही, तो गेला तेव्हासुद्धा. आता भावांपैकी एक धाकटा उरलाय, सात नंबरचा मामा. तिची आई एक्क्याऐंशीची.

"मामा आमचं ऐकत नाही, बाई," सात नंबर म्हणाली होती. "पण म्युझियमचं ऐकेल. तुम्ही पाटीवर एवढंच लिहा, दाढ दुखत होती म्हणून. आईचं तेवढंच मागणं आहे. तिला डोळे मिटायच्या आधी बाबांच्या माथ्यावरचा डाग पुसायचाय."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, कागद आहे का? चित्रकाराचं पत्र, शाळेची नोंद, काहीतरी पुरावा. दाढेचा पुरावा मागितला मी. मूक वेदनेसाठी मला कुणी पुरावा मागितला नव्हता, ती मी खुशाल ठोकून दिली होती. पण दाढेला कागद हवा. बारा वर्षं ती दर वर्षी एकदा विचारायची आणि मी दर वर्षी एकदा नकारार्थी मान हलवायचे. नियम म्हणजे नियम, असं म्हणायला फार बरं वाटतं, स्वतःचं नाक किती वर आहे ते दिसत नाही.

पडदे लागले त्या आठवड्यात ती पुन्हा माझ्या टेबलाशी आली.

"बाई, त्या मशीनमध्ये कुणीही लिहू शकतं ना?"

"कुणीही," मी म्हटलं. मी तेव्हा टॅगमास्तरवर इतकी चिडलेली होते की मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नाही. "ज्याला अक्षरओळख आहे तो. ज्याला नाही तोसुद्धा."

"मग मी लिहू?"

"लिही ना बाई. त्यासाठीच तर आणलंय ते धूड. माझ्याकडे कागद मागतात, त्याला काही लागत नाही."

ती खूश होऊन गेली. मी पाहत होते, तीन महिने. सकाळी दालन उघडायच्या आधी ती पडद्यासमोर उभी राहून एका बोटाने टाइप करायची. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. दुपारी गर्दी ओसरली की पुन्हा. दर वेळी तीच तीन वाक्यं. ही रडत नाही. हिला नवऱ्याने मारलं नाही. हिची दाढ दुखत होती. पाठवलं की पडद्यावर फुगे उडायचे आणि 'धन्यवाद, तुमचा शब्द पोहोचला' असं यायचं. तिला ते फुगे फार आवडायचे. मग ती खिशातलं फडकं काढून पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसायची आणि खुर्चीत जाऊन बसायची.

"पोहोचला म्हणतंय, बाई," ती मला जाता-येता सांगायची. "आज पंचवीस वेळा."

मी म्हणायचे, छान. दुसरं काय म्हणणार? मला त्या सगळ्या प्रकाराचा इतका तिटकारा आला होता की त्यातून काय निघणार याचा मी क्षणभरही विचार केला नाही. वही टेबलाच्या खणात होती. गाढव त्यात होतं, गाढवाच्या डोक्यावरचं वाक्यही त्यातच होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या पाट्या काढल्या. भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले. साहेब नवा कोट घालून आले. टॅगमास्तर प्रत्येक दालनात जाऊन हवेत डबे बनवत होता. पहिल्या दालनात एका सरदाराच्या चित्रावर लोकांनी सगळ्यात जास्त काय लिहिलं होतं? 'मिशी'. तर फिल्म तीन मिनिटं मिशीवर. दुसऱ्यात फळांचं चित्र, त्यावर 'भूक' आणि 'कॅन्टीन'. यंत्राने कॅन्टीन हा कुणी प्रियकर समजला आणि त्याची वाट पाहणारी भूक नावाची मुलगी रचली. पाहुणे टाळ्या वाजवत होते. मला हसू आवरेना, मी खांबाआड जाऊन उभी राहिले. मनात म्हटलं, घ्या, आता उठला बाजार. मी अगदी मजेत होते.

सातव्या दालनात सात नंबर इस्त्रीच्या कपड्यांत उभी होती. तिने आईला आणलं होतं. लहानखुरी बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली. शेजारी मामा, हातात काठी, तोंड वळवून बसलेला. पंचावन्न वर्षांत बहिणीबरोबर पहिल्यांदाच कुठे आला होता. सात नंबरने त्याला शब्द दिला होता की आज म्युझियम स्वतःच्या तोंडाने सांगेल.

"काही झालं तरी सरकारी माणसं खोटं कशाला बोलतील," तो मला म्हणाला. मी नुसती हसले.

दिवे मंद झाले. व्हायोलिन वाजायला लागलं. कॅमेरा खिडकीवरून सरकत गालावर आला आणि थांबला. एका बाईचा घोगरा आवाज बोलायला लागला. ती रडतेय, आवाज म्हणाला. तिचं दुःख या खिडकीला ठाऊक आहे. ज्याच्या भरवशावर ती या घरात आली, त्याच नवऱ्याने तिला मारलं. त्याचा हात पुन्हा उठेल. ती रडते, आणि खिडकी ऐकते. मग कॅमेरा सुजेवर इतका जवळ गेला की रंगाच्या भेगा दिसायला लागल्या.

तीन मिनिटं फार असतात. दिवे लागले तेव्हा टाळ्या वाजल्या. कुणीतरी डोळे टिपत होतं.

मामाने काठी जमिनीवर एकदा आपटली. "मी तेव्हाच म्हणत होतो," तो बहिणीला म्हणाला. आवाज चढवलाही नाही त्याने. "तू कायम त्याला पाठीशी घातलंस, ताई."

म्हातारी पडद्याकडेच बघत होती. "त्यांनी कधी हात उचलला नाही हो," ती म्हणाली. मामाला नाही, त्या पडद्याला. अगदी अदबीने, ओळख नसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "तेल घेऊन यायचे ते."

पडद्यावर तोपर्यंत आलं होतं, 'तुम्हाला काय वाटलं? तुमचा शब्द द्या.'

मी टॅगमास्तरला कोपऱ्यात गाठलं आणि म्हटलं, यादी दाखव. त्याला वाटलं मी कौतुक करतेय. त्याने हातातला टॅब्लेट पुढे केला, म्हणजे काचेची पाटीच ती.

"अख्ख्या म्युझियममध्ये सातव्या दालनाचा सहभाग एक नंबर आहे, मॅडम. बघा ना. 'रडत', दोन हजार एकशे चार. 'नवऱ्याने', दोन हजार शहाण्णव. 'मारलं', तेवढेच. 'दुखत'चं यंत्राने 'दुःख' केलं, मूळ शब्दावर आणतं ते. आणि बाकी बघा, 'छान' दोनशे, 'निळा' एकशे चाळीस, 'पाणी कुठे मिळेल' बावन्न. लोकांनी काय तळमळून लिहिलंय."

"आणि दाढ?"

"हां, ते पण पुष्कळ वेळा आलं होतं. 'दाढी' लिहिताना चुकत असणार. चित्रात दाढी नाहीच, म्हणून यंत्राने सोडून दिलं. हुशार आहे ते."

'नाही' कुठे गेलं हे मी विचारलं नाही. उत्तर माझ्याच वहीत होतं, माझ्याच अक्षरात, बारीक शब्द म्हणजे भुसा. लोकांना त्या बाईचं काडीचंही पडलेलं नव्हतं. बिचाऱ्यांनी 'छान' लिहिलं होतं, 'निळा' लिहिलं होतं, पाणी विचारलं होतं. त्यांच्यावर सोपवलं असतं तर निळ्या रंगाची एक बावळट फिल्म झाली असती आणि कुणाचं काही गेलं नसतं. दोन हजार शहाण्णव वेळा त्या माणसावर आरोप केला तो त्याच्या मुलीच्या एका बोटाने. आणि लिही ना बाई, म्हणणारी मी.

वळून बघते तर सात नंबर पडद्यासमोर. चेहरा उतरलेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि तेच एक बोट चालू. 'ही रडत ना' इथपर्यंत आलं होतं. मी धावत गेले, या वयात धावले, आणि तिचा हात धरला.

"नको."

"बाई, सोडा. कुणीतरी काहीतरी घाणेरडं लिहून ठेवलंय. मी लिहिते, परत लिहिते. कमी पडलं माझं. मी अजून जास्त लिहायला हवं होतं."

आता माझी जीभ किती धारदार आहे हे इथे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कुणाची चूक दिसली की मी ती त्याच्या पदरात घातल्याशिवाय राहत नाही. ही चूक मात्र मी तिच्या पदरात घातली नाही. मी तिचा हात तसाच धरून ठेवला आणि म्हटलं, "तू याला हात लावू नकोस. मी लिहिते. इथेच थांब, आईजवळ."

टेबलाशी जाऊन मी खणातून कोरं कार्ड काढलं, जाड, मोतिया रंगाचं, पाटीचं. छापायला वेळ नव्हता, हातानेच लिहिलं, मोठ्या अक्षरात, वाकावं लागू नये असं. शब्द मला पाठ होते. मागे चिकटपट्टी लावली, परत आले, आणि चित्राच्या उजवीकडे, जुन्या पाटीच्या फिकट चौकोनावर, दाबून बसवलं.

साहेब लगबगीने आले. "हे काय चाललंय? पाट्या बंद केल्यात ना आपण? आणि याला आधार काय? कागद आहे का?"

"आधार पहिल्या रांगेत बसलाय," मी म्हटलं. "खुर्ची क्रमांक तीन. जाऊन विचारा."

ते पाहुण्यांकडे बघत हसले आणि घाम पुसत मागे सरकले. सगळ्यांसमोर पाटी उपटायची हिंमत त्यांच्यात नव्हती. त्यासाठी ते उद्या शिपायाला पाठवतील. मी उद्याही लावेन, माझ्याकडे कार्डांचा अख्खा गठ्ठा आहे.

मामा काठी टेकत उठला आणि पाटीपाशी गेला. ओठ हलवत त्याने वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने. "ही रडत नाही. हिला नवऱ्याने मारलं नाही. हिची दाढ दुखत होती." 'नाही'पाशी तो दोन्ही वेळा थांबला. मग तो बहिणीकडे वळला.

"कुठली दाढ, ताई?"

म्हातारीने तोंड उघडलं आणि डावीकडचा ओठ बोटाने बाजूला ओढून दाखवला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, बाकी सगळे दात जागच्या जागी, आणि तिथे एक रिकामी जागा. तो वाकून बघत राहिला. पाहुणेही बघत होते. आमच्या म्युझियममध्ये कुठल्याही वस्तूकडे इतका वेळ कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

"मी त्यांच्या मातीलाही आलो नाही गं," तो म्हणाला आणि बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत बसला. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सात नंबर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. डोळे पुसले, मग त्याच फडक्याने पाटीची कडा पुसली. पाटी वाचून झाल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हे तर माझंच आहे. मशीनमध्ये मी हेच टाकत होते. अक्षर न् अक्षर हेच. मग ते असं कसं बोललं?"

टॅगमास्तर पलीकडेच उभा होता, समजावून सांगायला तोंड उघडतच होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

"हेच टाकत होतीस," मी म्हटलं. "काही चुकलं नव्हतं तुझं. त्या मशीनलाच वाचता येत नाही."